आधी ओल, मग रंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरातल्या भिंतींवरची ओल आणि बुरशी याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बुरशी कोणाच्या घरात नसते? मी तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना नाहक घाबरवते आहे. ब्लीच मारायचं, वरून रंग द्यायचा, विषय संपला. बाळाच्या खोलीला लवकरच असाच रंग देणार आहात, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून सविस्तर उत्तर देते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, हे तुमचं अगदी खरं. 'भिंतीवरची काळी बुरशी जीव घेते' असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. ही भीती पसरली ती १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, त्यानंतर. संशय काळ्या बुरशीवर गेला. पण तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००० साली तो तपास पुन्हा पडताळला आणि संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. तेव्हा भिंतीवरचा डाग काळा आहे की हिरवा, यावर झोप उडवायचं कारण नाही.

खोकला, छातीतली घरघर आणि दमा यांची गोष्ट वेगळी. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत हे त्रास जास्त आढळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट सांगितलंय. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं, आपण १२ ते २०. त्यातून पाळणा नेमका ओल्या भिंतीला टेकलेला असतो. बाळाचा रात्रीचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दलही जरूर सांगा.

आता ब्लीच. टाइल किंवा काचेवर ते चालतं. गिलाव्याच्या भिंतीत मात्र बुरशीचे तंतू आत गेलेले असतात. ब्लीचने वरचा डाग उडतो आणि बुरशी गेली असं वाटतं. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ती पुसूनच काढावी लागते. शिवाय ब्लीचमध्ये अमोनियाचं किंवा ॲसिडचं क्लीनर मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. लहान डागाला साबणाचं पाणी पुरतं: मूल दुसऱ्या खोलीत, तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, आणि फडकं ओलंच. कोरडा ब्रश घासलात तर बीजाणू खोलीभर उडतील. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवा.

माझा खरा आक्षेप रंगाला आहे. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतो, ते जमिनीवर गळतात आणि रांगतं मूल उचलून तोंडात घालतं. खालचा जुना थर निघाला तर त्यात शिसंही असू शकतं.

त्यापेक्षा आधी हे करा. डागाजवळची भिंत कोरडी पुसा, वीतभर ॲल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचते आहे. मग कपाट आणि पाळणा भिंतीपासून दूर ओढा, कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, न्हाणीघरातली वाफ बाहेर जाऊ द्या. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी, ३० ते ५० असेल तर उत्तमच. (बाहेरच हवा दमट असेल तेव्हा खिडकी उघडून उपयोग नाही.) थेंब फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतूनच येतंय: पाइप, तडा किंवा गच्चीचा पाझर. तो बुजवून भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका.

थेंब कोणत्या बाजूला आले ते इथेच कळवा. पुढचं त्यावरून नेमकं सांगता येईल.