सोडा-ताकाने ‘कसलीही बुरशी’ जाते म्हणे!

फिरत असलेला दावा असा: ‘लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा आणि थोडं ताक घालून दर आठवड्याला फवारा. कुठल्याही फळझाडाची कसलीही बुरशी मुळासकट जाते, डागाळलेली पानं हिरवी होतात, छाटणी लागत नाही.’

‘कसलीही’ इथेच घोळ आहे. आंब्या-लिंबाच्या काळ्या पडलेल्या पानावर ओलं बोट घासून बघा. काळा थर बोटाला येतो आणि खाली पान हिरवंगार असतं. ही काजळी नावाची बुरशी. ती पानावर जगतच नाही, तर तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यावर वाढते. म्हणजे बंदोबस्त किडीचा करायचा. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की समजावं, कीड वरच आहे. डाळिंबावरचा तेल्या तर जिवाणूंचा रोग. आणि लिंबाच्या बुंध्यातून डिंक ओघळतो तेव्हा दुखणं बहुधा साचलेल्या पाण्यात असतं. पानं धुऊन काय होणार?

भुरीपुरतं मात्र दाव्यात तथ्य आहे. पांढरी पिठासारखी भुरी सोड्याने थोडी दबते. पण दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम, एक टक्क्याचं द्रावण. एवढ्याने कोवळी पालवी भाजू शकते, आणि आठवड्यागणिक मातीत सोडियम साठत जातं ते वेगळंच.

पानं पुन्हा हिरवी? करपलेला भाग मेलेला असतो, तो परत येत नाही. बोर्डो मिश्रणासारखं औषध पुढच्या पानांना वाचवतं, तेही पाऊस लागण्याआधी मारलं तर. एक टक्क्यासाठी १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या भांड्यात, त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी सुरी बुडवून पाहायची, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

छाटणी नको हे सगळ्यात महागात पडणारं. करपा म्हणजे पानं-फळं काळी पाडणारा बुरशीचा रोग; त्याचे बीजाणू वाळक्या काटक्यांवर आणि झाडालाच लटकलेल्या काळ्या फळांवर तग धरतात, पावसाचे थेंब ते खालच्या पालवीवर उडवतात. वाळकी काटकी थोड्या हिरव्या भागासकट कापा, कात्री स्पिरिटने पुसा आणि ते सगळं झाडाखाली न टाकता लांब नेऊन जाळा किंवा पुरा.