दर दोन वर्षांनी उडी मारा म्हणे!

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार गटांतून आला. त्यातला एक गट तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा. मजकूर थोडक्यात असा: ‘एकाच कंपनीला चिकटून राहणारा गाढव. दर दोन वर्षांनी नोकरी बदला, प्रत्येक उडीला 40 टक्के वाढ घ्या. सुटताना पीएफ काढून घ्या, तो तुमचाच पैसा. ग्रॅच्युइटीच्या नादी लागू नका. बॉन्ड कोर्टात टिकत नाही. नोकरी करत शिकलेली डिग्री कोणी धरत नाही.’ खाली एक रॉकेट आणि दोन जोडलेले हात.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करते. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

‘प्रत्येक उडीला 40 टक्के वाढ.’ यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. आतल्या माणसाला आठ-दहा टक्के द्यायला कुरकुरणारं मॅनेजमेंट बाहेरच्याला बरंच जास्त देतं, हे मी दरवर्षी एप्रिलमध्ये बघते. पण 40 टक्के कशावर? सीटीसीवर, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चावर. ऑफर लेटरचा तो तक्ता तळापर्यंत कोणी वाचत नाही. मालकाच्या वाट्याचा पीएफ त्यात धरलेला असतो, मेडिक्लेमचा हप्ता असतो, टार्गेट गाठलं तर मिळणारी रक्कम असते, आणि बऱ्याचदा मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) असते. म्हणजे जी ग्रॅच्युइटी दोन वर्षांत सोडलीत तर मिळणारच नाही, तीच तुमच्या वाढीत मोजलेली! मूळ पगार किती आणि हातात किती, एवढे दोनच आकडे जुन्या स्लिपशेजारी ठेवून बघा. 40 चे पुष्कळदा 22 होतात.

आणि वर्षाच्या मध्ये उडी मारली की टॅक्सचा घोळ. समजा 2025-26 मध्ये सहा महिने 90 हजारांवर काढले, पुढचे सहा महिने 1 लाख 30 हजारांवर. नवी करपद्धत. जुन्या कंपनीनं वर्षाचे 10 लाख 80 हजार धरले, कर शून्य. नव्या कंपनीला मागचा पगार कळवलाच नाही, तिनं 7 लाख 80 हजार धरले, कर शून्य. दोन्ही मिळून झाले 13 लाख 20 हजार. त्यातून 75 हजारांची वजावट गेली तरी उत्पन्न करमाफीच्या 12 लाखांच्या हद्दीवर 45 हजार उरतं, आणि रिटर्न भरताना सेससकट 46,800 रुपये भरा म्हणून आकडा समोर येतो. वर व्याज. रुजू होताना मागच्या पगाराची माहिती देणारा फॉर्म 12बी भरून दिला असता तर हेच पैसे महिन्या-महिन्याला कापले गेले असते. जुलैत असे फोन मला दरवर्षी येतात आणि दरवर्षी समोरच्याला वाटतं की चूक कंपनीची आहे.

‘पीएफ काढून घ्या.’ मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ हीच. मूळ पगार 15 हजार असलेला मुलगा घ्या. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800. मालकाचेही 1,800, पण त्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 पीएफमध्ये. म्हणजे महिना 2,350, दोन वर्षांत 56,400. ही रक्कम काढली तर पाच वर्षांची सलग सेवा नाही म्हणून ती करपात्र, आणि 50 हजारांच्या वर आहे म्हणून पॅन दिलेला असला तरी 10 टक्के टीडीएस, म्हणजे हातात येण्याआधीच कापलेला कर. उरलेल्यात मोबाइल येतो. याउलट नव्या कंपनीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) देऊन पैसे वळते केले तर जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाते, पाच वर्षांचं घड्याळ चालू राहतं. सध्याचा 8.25 टक्क्यांचा दर पुढेही टिकला असं धरलं तर हेच 56,400 पंचवीस वर्षांत चार लाखांच्या पुढे जातात, वर एक रुपया न घालता.

पेन्शनचं तर कोणाच्या लक्षातही नसतं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ती दोन-दोन वर्षांच्या पाच नोकऱ्यांची बेरीज असली तरी चालते, मात्र मध्ये फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढलेत की तोवरची वर्षं पुसली गेली. दहा वर्षांना मिळणारं पेन्शन महिना दोन हजारांच्या आसपास, म्हणजे डोळे दिपवणारं मुळीच नाही. पण माझ्या सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यातच येतात.

‘ग्रॅच्युइटीच्या नादी लागू नका.’ हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार, महागाई भत्ता असेल तर तोही, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. मूळ पगार 26 हजार असेल तर वर्षाला बरोब्बर 15 हजार, पाच वर्षांना 75 हजार. कायम नोकरीत पाच वर्षांची अट आजही आहे. मुदतीच्या करारावर असाल तर मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं एका वर्षानंतर हक्क दिला आहे. दुसऱ्या वर्षी चांगली संधी आली तर या 75 हजारांसाठी थांबू नका, हे मीही सांगेन. पण चार वर्षं सहा महिन्यांनी राजीनामा टाकणारे माझ्या टेबलाशी येतात ना, त्यांना चहा पाजण्यापलीकडे मी काही करू शकत नाही.

‘बॉन्ड टिकत नाही.’ अर्धं खरं. नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही, असली अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा उभी राहत नाही. ठरावीक काळाआधी सोडलं तर एवढे पैसे भरा, ही गोष्ट वेगळी. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं भरायच्या आत, 2009 मध्ये, दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला आणि बॉन्डचे दोन लाख भरून मग ते परत मागितले. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला, बॉन्ड वैध ठरला. तिथे सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च दाखवता येत होता. प्रत्येक खासगी कंपनीचा मनमानी आकडा असाच टिकेल असं नाही. पण ‘कागदाचा तुकडा’ म्हणून सही ठोकू नका.

राहिलं शिक्षण. मुक्त आणि दूरस्थ शिक्षणातली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. आमच्या स्टोअरचा इनचार्ज तिथूनच बी.कॉम. झाला, आणि आता माझ्याच चुका काढतो.

मात्र मेसेजवाल्याला ही भीती कुठून आली असावी, तेही मला ठाऊक आहे. डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलेल्या कितीतरी मुलांनी एके काळी परराज्यातल्या अभिमत विद्यापीठांतून ‘दूरस्थ बी.टेक.’ केलं होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा चार विद्यापीठांच्या बाबतीत 2001 ते 2005 या सत्रांच्या पदव्या स्थगित केल्या, परीक्षेची एक संधी दिली, आणि त्यानंतरच्या पदव्या रद्दच केल्या. दोष नोकरी करत शिकण्याचा नव्हता, विनापरवानगी अभियांत्रिकी विकणाऱ्यांचा होता. आता तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईनं 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेच्या वर्गांना परवानगी दिली आहे. वर्गात बसून, प्रयोगशाळेसकट.

माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकल, तो अशाच एका संध्याकाळच्या बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो मेसेज मला पहिल्यांदा त्यानंच पाठवला होता, सोबत तळेगावच्या एका कंपनीचं ऑफर लेटर. रविवारी घरी आला. मी पोळ्या लाटत होते, म्हटलं, वाच मोठ्यानं. मूळ पगार जुन्यापेक्षा 1,100 नं जास्त. ड्यूटी तीन पाळ्यांत, आलटून पालटून.

“मग कॉलेज कधी?” मी विचारलं.

त्यानं पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.