खुलासा : मेटाक्सा गोड लागते म्हणजे ती बनावट नव्हे

ग्रीसची मेटाक्सा ही दारू गोड लागली तर ती भेसळीची, आणि ग्लास फिरवल्यावर काचेवर जाड धारा उतरल्या तर अस्सल, असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

स्पायरोस मेटाक्सा यांनी 1888 मध्ये सुरू केलेल्या या पेयात द्राक्षाच्या वाइनचा अर्क असतो. त्यात ग्रीसच्या सामोस बेटावरची, मस्कट जातीच्या द्राक्षांची मुरवलेली गोड वाइन मिसळतात, शिवाय गुलाबपाकळ्या आणि वनस्पतींचा सुगंध. गोडवा मुळातलाच आहे. युरोपीय संघाच्या नियमांत ब्रँडीला बाहेरून सुगंध देता येत नाही, म्हणून तिथे ती कायद्याने ब्रँडी ठरत नाही. लोक सवयीने ब्रँडी म्हणतात, इतकंच.

काचेवरच्या धारा मद्यार्क आणि पाण्याच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे बनतात. त्यावरून अस्सलपणा कळत नाही. गडद रंगावरूनही वय ठरवू नका, रंगासाठी कॅरमेल वापरायची पद्धत या धंद्यात जुनी आहे.

पारख करायचीच असेल तर तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडी घ्या, बर्फ नको. नाक ग्लासात खुपसू नका, मद्यार्काच्या झोताने वास कळेनासा होतो. आधी गुलाब, मग बेदाणे, जर्दाळू, संत्र्याची साल. घोट गिळल्यावर नुसता साखरेचा चिकटपणा उरला तर माझ्या मते ती सामान्य. लाकडाचा किंचित तुरटपणा गोडव्याला सावरत असेल तर चांगली.

मिथेनॉल या विषारी मद्यार्काची भेसळ मात्र चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. म्हणूनच हा मेसेज धोक्याचा आहे. कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.