प्रकाश लावता येत नाही, राखावा लागतो

चांगल्या चित्राला आपल्याकडे मिळणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे "अगदी फोटो वाटतो!" बोलणारा मनापासूनच बोलतो, पण मला ही दाद फार अपुरी वाटते. चित्र कशासारखं दिसतं एवढंच त्यात येतं, ते कसं उभं राहिलं हे राहूनच जातं. आणि माझ्या मते पाहण्याचा खरा आनंद तिथेच आहे.

सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. हातात दिवा घेतलेली, दुसरा हात ज्योतीआड धरलेली स्त्री. 1945-46 च्या सुमाराचं हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कित्येक जण अजूनही ते राजा रविवर्म्याचं समजतात, आणि समजताना तैलचित्रच समजतात. ते जलरंगातलं आहे. हे एकदा कळलं की त्याच चित्राकडे बघून छाती दडपते.

कारण जलरंग पारदर्शक असतो. गडद रंगावर फिकट रंग चढवून तो झाकता येत नाही. चित्रातली सगळ्यात उजळ जागा म्हणजे बहुतेक वेळा न रंगवलेला, नाहीतर जेमतेम रंगाचं पाणी फिरवलेला कागद. थोडक्यात, प्रकाश लावता येत नाही, राखावा लागतो. आता त्या बोटांकडे बघा. ज्योतीमुळे ती आतून तांबूस पेटल्यासारखी दिसतात. तो उजेड कुठे असणार, हे भोवतालचा काळोख भरण्याआधीच ठरवावं लागतं. आधी हलका हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. कागद ओला असेल तर रंग पसरतो, सुका असेल तर टोकदार कड धरतो, आणि हवा तो मऊपणा मधल्या ओलसर अवस्थेत मिळतो, जी फार टिकत नाही. त्यात भर म्हणजे जलरंग वाळला की फिका पडतो. म्हणजे चित्रकार समोर दिसणारा रंग लावतच नसतो, वाळल्यावर जो दिसेल तो मनात धरून लावत असतो. काळोखाचा एक फटकारा त्या बोटावरून गेला असता तर तो उजेड पुन्हा आणणं जवळपास अशक्य होतं.

तैलरंगात खाडाखोड चालते, पण तिथली मेहनत वेगळ्या जागी लपलेली असते. तेल थेट कापडात मुरलं तर कापड हळूहळू कुजतं, ठिसूळ होतं. म्हणून जुन्या पद्धतीत आधी कापडाला सरस, मग अस्तराचे थर, मग घासून गुळगुळीत करणं, आणि त्यानंतर कुठे चित्राची पहिली रेघ. शिवाय जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं, आणि त्याला वेळ लागतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त असावं लागतं, नाहीतर खालचा थर मागाहून आकसतो आणि वरचा तडकतो. पहिला हात मारतानाच शेवटच्या हाताचा विचार झालेला असतो.

अजिंठ्यातही हेच. आपण बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा बघतो, आणि बघावाच. पण त्याच्याखाली खडबडीत ठेवलेला कातळ आहे, त्यावर तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. तो गिलावा मळणाऱ्या हातांचं नाव कुणालाच माहीत नाही. तो कच्चा निघाला असता तर आज चेहराही राहिला नसता.

आणि रंग! आज ट्यूब पिळली की निळा हजर. पूर्वीचा अस्सल अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा रंग, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडातून यायचा. दगड नुसता कुटला तर राखाडी भुकटी हाती लागते. म्हणून ती भुकटी राळ आणि मेणाच्या गोळ्यात मिसळायची आणि तो गोळा राखेच्या क्षारपाण्यात कणकेसारखा मळत राहायचं. मग निळे कण सुटून तळाशी बसतात. पहिल्या खेपेचा निळा सगळ्यात उत्तम, पुढचे फिके होत जातात. 1820 च्या दशकात कृत्रिम अल्ट्रामरीन निघाला, तोवर हाच खटाटोप होता. डच चित्रकार व्हर्मीरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग'मधल्या मुलीच्या डोक्याला बांधलेलं निळं कापड याच रंगाचं आहे.

हे चित्र साधारण 1665 चं. 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात त्याची बारकाईने तपासणी झाली. आपल्याला काळीभोर वाटणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती, काळाच्या ओघात तिचा रंग गेला. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पापण्याही सापडल्या. आणि तो जगप्रसिद्ध मोती? कानात अडकवायला कडीसुद्धा रंगवलेली नाही, पांढऱ्या रंगाचे मोजके फटकारे आहेत. एकीकडे न दिसणाऱ्या पापण्या काढायच्या आणि दुसरीकडे मोती दोन-चार फटकाऱ्यांत सोडून द्यायचा, कुठे किती हे कळणं हीच मला कारागिरी वाटते.

म्हणूनच "रंग आणि कॅनव्हासचा खर्च असा कितीसा?" असं म्हणत कुणी चित्रकाराशी घासाघीस करतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. कुठे थांबायचं हे कळण्यासाठी घालवलेली वर्षं त्या हिशेबात कुठेच धरलेली नसतात.

माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी मूळ चित्र बघायला मिळालं की थोडं बाजूला सरकून, तिरक्या उजेडात बघा. रंग कुठे जाड बसलाय, कुठे खरवडलाय, कुठे कापडाचा पोत तसाच सोडलाय ते दिसायला लागेल. आणि चित्रकार शेजारी असेल तर "सुरुवात कुठून केलीत?" एवढंच विचारा. मग मात्र तुमच्या हाताशी भरपूर वेळ असू द्या.