दप्तरावरचा केपवाला पोरगा

आज संध्याकाळी नागपुरात, बर्डीत, व्हरायटी चौकाच्या अलीकडे, फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यापाशी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. लांब होईल. आत्ता वेळ नसेल तर उद्या वाचा, पण वाचा.

आठवी-नववीतला एक पोट्टा. हातात 'माय हिरो अकॅडेमिया'चा पहिला भाग. उभ्या उभ्याच वाचत होता, आणि पानं बरोबर उजवीकडून डावीकडे वाचत होता, म्हणजे जपानी कॉमिक त्यानं आधी हाताळलेलं असणार. तेवढ्यात वडील आले. "कायले पाह्यजे तुले हे? नुसते चित्रं आहेत." पोट्टा म्हणाला, "बाबा, शाळेचीच गोष्ट आहे ना." त्यावर उत्तर, "शाळेच्या गोष्टी वाचून रँक येते काय? ठेव ते." त्यानं ठेवलं.

इथपर्यंत रोजचंच आहे. पण तो वळला आणि त्याच्या पाठीवरचं दप्तर दिसलं. कोचिंग क्लासवाले देतात तसलं निळं दप्तर. त्यावर लाल केप घालून, मूठ पुढे करून उडणारा पोरगा. छातीवर मोठ्ठा १. खाली लिहिलेलं, 'उद्याचे हिरो इथे घडतात'. क्लासचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका क्लासचा नाहीच.

म्हणजे सुपरहिरोचं चित्र पोराच्या पाठीवर चालतं. फीच्या पावतीसोबत आलं की चालतं. हिरो घडतो कसा हे पानापानानं सांगणारं पुस्तक मात्र त्याच पोराच्या हातात चालत नाही.

आता ते पुस्तक काय आहे ते सांगते, कारण 'नुसते चित्रं' हे मला सहन झालेलं नाही. कोहेई होरिकोशी यांची ही मालिका जुलै २०१४ मध्ये जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ४३० व्या प्रकरणावर तिथे संपली. पुस्तकरूपात ४२ भाग. त्या जगात ८० टक्के माणसांना काही ना काही शक्ती जन्मतः असते. इझुकु मिदोरिया या पोराला काहीच नसते. पुढे पहिल्या क्रमांकाचा हिरो ऑल माइट त्याला आपली शक्ती द्यायचं ठरवतो. ठरवतो, लगेच देत नाही. आधी १० महिने त्याच्याकडून समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उचलून घेतो. जुने फ्रिज, टायर, भंगार, सगळं अंगानं ओढायचं. कारण साधं आहे: शरीर तयार नसताना एवढी ताकद अंगात गेली तर हातपाय फाटून निघतील. किनारा साफ झाल्यावर, थेट परीक्षेच्या दिवशी सकाळी शक्ती मिळते. क्रॅश कोर्स नाही. पाया आधी, शक्ती नंतर.

आणि ती परीक्षा! यूए ही हिरो घडवणारी शाळा, प्रवेशाचं प्रमाण ३०० ला १. हा आकडा आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगायची गरज नाही. प्रात्यक्षिक १० मिनिटांचं. खोटं शहर उभारून त्यात यंत्रमानव सोडलेले: एक प्रकार १ गुणाचा, दुसरा २ चा, तिसरा ३ चा, आणि चौथा इमारतीएवढा, ज्याला शून्य गुण. त्याच्या वाटेला कोणी जात नाही, कारण मिळणार काय? मिदोरिया वेळ संपत आली तरी एक गुण मिळवत नाही. मग ढिगाऱ्याखाली पाय अडकलेली उराराका, परीक्षेलाच आलेली एक मुलगी, त्याला दिसते आणि तो नेमका त्या शून्यवाल्यावर झेप घेतो. एकच ठोसा. यंत्र कोसळतं, त्याचे दोन्ही पाय आणि एक हात मोडतो. गुण शून्य.

निकालाच्या दिवशी कळतं की परीक्षकांनी कोणालाही न सांगता दुसरी गुणपत्रिका ठेवली होती, दुसऱ्याला वाचवण्याची. त्यात त्याला ६०. जो पोरगा पहिला आला, बाकुगो, त्याला यंत्रं फोडण्याचे ७७ आणि वाचवण्याचे शून्य.

ते शून्य आणि दप्तरावरचा तो १. हे दोन्ही एकाच वेळी त्या पोट्ट्याजवळ होते, एक हातात आणि एक पाठीवर. हातातलं काढून घेतलं गेलं.

कोणी म्हणेल, ही परीक्षा तरी कुठे न्याय्य आहे? नाही, मान्य. शिन्सो नावाच्या मुलाची शक्ती दुसऱ्याच्या मनाचा ताबा घ्यायची, ती यंत्रमानवांवर चालतच नाही, म्हणून तो हिरो विभागात नापास होऊन सामान्य विभागात जातो. पण मालिका हे झाकत नाही. आपल्या परीक्षेत खोट आहे हे ती उघड सांगते, आणि यूएतले शिक्षक आयझावासर त्याला स्वतः वेगळं शिकवून तयार करतात. आपल्याकडे परीक्षेत खोट निघाली तर पोरातच खोट काढतात.

मला या मालिकेत सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? शक्तीचा हिशोब. प्रत्येक शक्तीला मोजून मर्यादा आहे, आणि शाळेचं अर्धं काम ती मर्यादा ओळखायला शिकवणं हे आहे. उराराका पाचही बोटांची टोकं टेकवली की वस्तूचं वजन नाहीसं करते, पण साधारण ३ टनांच्या पुढे गेलं की तिला मळमळतं, उलटी होते. यायोरोझू अंगातल्या चरबीतून वस्तू बनवते, पण त्या वस्तूची रेणूरचना तिला ठाऊक असावी लागते, म्हणून ती सतत वाचत असते. (पोट्ट्याचे बाबा, ऐकताय ना? रसायनशास्त्र आहे त्यात.) बाकुगोचा घाम स्फोटकासारखा पेटतो, म्हणून थंडीत त्याची गती मंदावते आणि फार वापरलं की मनगटं दुखतात. आणि इदाच्या पोटऱ्यांत इंजिनं आहेत, ती चालतात संत्र्याच्या रसावर. संत्र्याच्या रसावर, राजेहो! नागपूरच्या पोरानं हे पुस्तक नाही वाचायचं तर कोणी वाचायचं? तेच इंजिन इदानं मर्यादेबाहेर पळवलं की काही सेकंदांतच बंद पडतं आणि बराच वेळ चालू होत नाही.

मिदोरियाचं तर आणखी कठीण. शाळेच्या पहिल्याच दिवशी चेंडू फेकायची चाचणी. तो अख्ख्या हातात ताकद भरायला जातो, तर आयझावासर नुसत्या नजरेनं त्याची शक्ती विझवतात. चेंडू जातो ४६ मीटर. सरांचं म्हणणं एवढंच: एकाला वाचवून तू स्वतः जमिनीवर पडणार असशील तर पुढच्या माणसाला वाचवणार कोण? दुसऱ्या फेकीत तो शक्ती फक्त एका बोटाच्या टोकाशी आणतो. बोट मोडतं, चेंडू ७०५.३ मीटर जातो आणि तो उभा राहतो. इथे सरांना आकडा महत्त्वाचा नाही, तो उभा आहे हे महत्त्वाचं आहे.

तरीही तो लगेच शिकत नाही. क्रीडामहोत्सवात वर्गातल्याच तोदोरोकीसमोर एकेक करून बोटं मोडून घेतो. शाळेच्या डॉक्टरीणबाई, रिकव्हरी गर्ल, जखमा भरून काढतात, पण त्यांची शक्ती रुग्णाच्याच अंगातली ताकद वापरते. थकलेल्या माणसाला जास्त उपचार केले तर तो मरूही शकतो. म्हणून त्या साफ सांगतात: अशा जखमा घेऊन परत आलास तर मी भरून देणार नाही. त्याचा उजवा हात थोडा वाकडाच राहतो, पुढच्या भागात सरळ होत नाही. जखम लक्षात ठेवणारी मालिका आहे ही.

मग येते ती मायक्रोवेव्हची गोष्ट, सहाव्या भागात. म्हातारे हिरो ग्रॅन तोरिनो यांच्याकडे तो कामाला जातो. ते त्याला तैयाकी गरम करायला लावतात, म्हणजे आत गोड सारण असलेला माशाच्या आकाराचा जपानी पदार्थ. खाऊन पाहतात तर आतून थंडगार. झालं काय, की त्यानं ताटली मोठी घेतली, ती आत अडकून फिरलीच नाही, त्यामुळे आच एकाच जागी लागली. त्यावरून त्याच्या डोक्यात उजेड पडतो: मीही हेच करतोय. सगळी ताकद एका हातात, एका बोटात, आणि ते फुटतं. ती अंगभर सारखी पसरवली तर? पसरवतो. फक्त ५ टक्के. शंभरातले पाच! आणि त्या पाचवर तो पहिल्यांदा काहीही न मोडता धावतो. पुढे एका लढाईत हात एवढे निकामी होतात की डॉक्टर बजावतात, अजून दोन-तीनदा असं झालं तर हात कायमचे जातील. तेव्हा तो लढायची पद्धतच बदलतो, ठोशाऐवजी लाथ. इदाकडून पायांचं तंत्र शिकून घेतो, बूट नवीन बनवून घेतो.

मला सांगा, कोणत्या क्लासनं कोणत्या पोराला कधी सांगितलंय की आत्ता पाचच टक्के दे, तेवढंच तुझं अंग पेलतं? सगळे शंभरच मागतात. पहाटे पाचपासून मागतात. आणि पोरगं मोडलं की म्हणतात, त्याच्यात दम नव्हता.

रागावून लिहितेय, ठाऊक आहे. पण आता तोदोरोकीबद्दल लिहिल्याशिवाय थांबणार नाही. त्याचे वडील एंडेव्हर, वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकाचे हिरो. पहिला क्रमांक आपल्याला मिळत नाही म्हणून त्यांनी शक्ती बघून लग्न केलं, शक्ती बघून पोरं जन्माला घातली, आणि धाकट्याला पाचव्या वर्षापासून कुटत शिकवलं. भावंडांशी खेळू दिलं नाही. आईचं मन त्यात एवढं बिघडलं की तिनं एक दिवस उकळतं पाणी पोराच्या चेहऱ्यावर टाकलं. तो व्रण घेऊन तो यूएत येतो आणि वडिलांकडून आलेली आग वापरणारच नाही म्हणतो. हे सगळं कशापायी? छातीवरच्या त्या १ पायी. दप्तरावर छापलेल्या त्याच १ पायी.

क्लासवाल्यांनी केप उचलली आणि शाळा तिथेच टाकली. शाळा मात्र या प्रकारच्या कॉमिक्सचा जीव आहे, आणि आजची नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'एक्स-मेन' काढलं तेव्हाच प्रोफेसर झेवियरची शाळा होती, पाच विद्यार्थी होते, आणि चुकलं तरी जीव जाऊ नये अशी सरावाची खोली होती. १९८३ मध्ये 'न्यू म्युटंट्स' मासिक सुरू झालं, त्यातला सॅम गथ्री हा केंटकीच्या कोळसा खाणीतला पोरगा. रॉकेटसारखा उडायचा, उडत असताना त्याला काही लागायचं नाही, पण सुरुवातीला धड वळताच यायचं नाही. २०१० च्या 'अॅव्हेंजर्स अकॅडेमी'त तर पोरांना सांगितलेलं असतं की तुम्ही सगळ्यात होतकरू आहात, आणि पहिल्याच अंकात त्यांना कळतं की आपण बिघडायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून आपल्याला निवडलंय. म्हणजे हुशार पोरं गोळा करून त्यांच्या फोटोंचे फलक लावायची शाळा नाही ती. जी हातची जातील अशी वाटतात, त्यांना जवळ घेणारी शाळा.

हो, 'माय हिरो अकॅडेमिया'तही क्रमांक आहेत. महोत्सवात पहिला-दुसरा आहे, हिरोंची यादी आहे, आणि शेवटच्या युद्धाची लांबण मलाही जड गेली. मुलींना पानं कमी मिळाली, तेही खरं. बस, एवढं मान्य.

चहा घेऊन आले मध्येच. राग थोडा उतरलाय.

त्या बाबांचा चेहरा आठवतोय. शर्टाच्या खिशात दोन पेनं होती, हातात भाजीची पिशवी होती, दिवसभराचं काम आटोपून आलेला माणूस. क्लासची फी हप्त्यानं भरत असतील कदाचित. 'रँक येते काय' हे त्यांनी ओरडून विचारलं नव्हतं, भीतीनं विचारलं होतं, आता नीट आठवलं तर तसंच वाटतं. रस्ता ओलांडताना त्यांनी ते दप्तर पोट्ट्याच्या पाठीवरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे तास तास उभं राहणारं हे शहर आहे. पुस्तकाचा राग कोणालाच नसतो इथे.

दादा, तुमच्यापर्यंत हे कोणी पोचवलं तर एवढंच सांगते. ४२ भाग घ्यावे लागत नाहीत. पहिला घ्या, त्यात ती १० मिनिटांची परीक्षा आणि ७०५.३ मीटरची फेक दोन्ही आहेत. आवडला तर सहावा आणि सातवा. जपानी पुस्तकाचं आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून सुरुवात असते, चौकटीही उजवीकडून वाचायच्या, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतो. पोट्ट्याला विचारा, तो दाखवेल, त्याला येतं.

आणि पुस्तक विकलं जाईल ही चिंता नको. तुम्ही भाजीची पिशवी सावरत होता तेव्हा त्यानं ते जागेवर ठेवलंच नाही. नववीच्या भूमितीच्या गाइडांचा गठ्ठा आहे ना डावीकडे, त्याच्या मागे सरकवून ठेवलंय, पाठ आत करून, कोणाला दिसू नये म्हणून. मी पाहिलं. दुकानदाराला सांगितलं नाही.