आधी पावती मोडू नका: २०२० च्या बँकिंग वटहुकुमाबद्दल फिरणाऱ्या थापा

२०२० चा बँकिंग वटहुकूम व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: बुडती बँक वाचवायला सरकारनं रातोरात कायदा बदलला, आता बँक बुडाली की तुमची ठेव तिच्या भांडवलात वळती होणार, सहकारी बँका संपवायचाच हा डाव आहे, तेव्हा पैसे काढा आणि पतसंस्थेत ठेवा, तिथे हा कायदा लागू नाही. हे वाचून माझ्या आत्यानं एका धडधाकट नागरी बँकेतली मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं गेलं ते गेलंच, वर सगळी रक्कम पतसंस्थेत नेऊन ठेवली. म्हणून हे लिहितोय.

‘रातोरात’ हे धादांत खोटं आहे. ती बुडती बँक म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, अर्थात पीएमसी. तिच्यावर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले सप्टेंबर २०१९ मध्ये. सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती, ती पुढे वाढवत नेली. बँकेच्या एकूण कर्जातला ७० टक्क्यांहून जास्त पैसा एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड दडवलेला होता. वटहुकूम निघाला २६ जून २०२० ला, म्हणजे नऊ महिन्यांनी. ज्यांच्या घरात आजारपण किंवा लग्न होतं त्यांनी हे नऊ महिने कसे काढले असतील? माझी तक्रार उशिराची आहे, घाईची नाही.

‘ठेव भांडवलात वळती होणार’. असं कलम बुडणाऱ्या वित्तसंस्थांबद्दलच्या २०१७ च्या एफआरडीआय विधेयकात होतं, हे खरं. पण ते विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं, त्याचा कायदा कधी झालाच नाही. २०२० च्या वटहुकुमानं केलं ते वेगळं. बँकिंग कायद्याच्या कलम ४५ खाली अडचणीतल्या बँकेची पुनर्रचना किंवा विलीनीकरण करता येतं, ते कलम सहकारी बँकांनाही लावलं. हा अधिकार काही आजचा नाही. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हापासूनचा आहे.

आता कबूल करायला जड जातं, पण करतो. या कलमाखालच्या योजनेत ठेवीदाराचे हक्क कमी करता येतात, आणि पीएमसीत तसं झालंही. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यापुढची टप्प्याटप्प्यानं, मोठ्या ठेवींचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी, आणि पहिली पाच वर्षं व्याज नाही. निवृत्तीचा सगळा पैसा तिथे असलेल्या माणसावर हा अन्यायच आहे. पण व्यक्तींची ठेव जप्त झाली नाही, आणि योजना नसती तर बँक अवसायनात गेली असती, म्हणजे कायमची बंद पडली असती.

सहकारी बँका संपवायचा डाव म्हणाल, तर न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक बुडायला आली तेव्हा ती ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे सहकारी बँकेला सहकारी बँकेनंच सावरलं. यावर आणखी काय बोलायचं!

खरा संताप येतो तो पतसंस्थेच्या सल्ल्याचा. तिथे हा कायदा लागू नाही, हे अगदी बरोबर. त्याचा अर्थ मात्र त्या मजकुरात सांगितलेला नाही: पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही आणि डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमाही नाही. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत विमा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम द्यावी लागते: पहिल्या ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या ४५ मध्ये महामंडळानं पैसे. पतसंस्था बुडाली तर यातलं काहीच नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेच्या ठेवीदारांना विचारा. शाखांना कुलूप लागल्यावर ते पोलीस ठाण्यापासून मोर्चापर्यंत सगळीकडे फिरले.

भीती वाटतेच ना? मग पाच लाखांवरची रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा. विमा प्रत्येक बँकेत वेगळा मिळतो, त्याच बँकेच्या दोन शाखांत मात्र नाही. पावतीवर नाव बँकेचं आहे की पतसंस्थेचं, ते आजच बघा.