पॅक-१२ परत आली म्हणे

सकाळी इथल्या, पोर्टलंडच्या, मराठी व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी नव्या पॅक-१२ चा लोगो टाकला. पॅक-१२ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची क्रीडासंघटना; अशा संघटनेला इथे कॉन्फरन्स म्हणतात. खाली लिहिलं होतं, "आपली कॉन्फरन्स परत आली, आता सगळं सुरळीत." त्यावर अंगठ्यांची रांग. चहा गार झाला माझा, डोकं तेवढं तापलं.

काय सुरळीत? फुटबॉलचे (अमेरिकन फुटबॉल) आठ संघ आहेत. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोन घरचे, जुन्या बारातले दहा निघून गेल्यावर उरलेले. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट हे पाच माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्समधून उचललेले. आठवा टेक्सास स्टेट. गोन्झागाही आहे, पण तिथे फुटबॉलच नाही. आठच का? कारण एनसीएएच्या (विद्यापीठांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या) नियमाने वरच्या स्तरावर कॉन्फरन्स म्हणून टिकायला फुटबॉलचे किमान आठ पूर्ण सभासद लागतात. कमी पडले तर दोन वर्षांची सवलत, आणि ती संपण्याची तारीख १ जुलै २०२६. टेक्सास स्टेटला जून २०२५ च्या अगदी शेवटी घेतलं, कारण सन बेल्ट ही त्यांची आधीची कॉन्फरन्स सोडायची फी ३० जूनपर्यंत ५० लाख डॉलर होती आणि दुसऱ्या दिवसापासून एक कोटी. पश्चिम किनाऱ्याची परंपरा म्हणून मिरवायची आणि आठवा सभासद टेक्सासातून आणायचा!

ज्यांना वाटतं की हे सगळं निष्ठा, इतिहास, शेजारधर्म यांवर चालतं, त्यांनी ४ ऑगस्ट २०२३ आठवावा. शुक्रवार होता. सकाळी पॅक-१२ च्या विद्यापीठ अध्यक्षांची बैठक ठरलेली, ॲपलच्या प्रक्षेपण करारासोबत ग्रँट ऑफ राइट्सवर सह्या व्हायच्या होत्या. आदल्या रात्रीपर्यंत बातम्यांचा सूर "वाचले बुवा" असा होता. आणि संध्याकाळपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कॉन्फरन्समध्ये. माझ्या टीममधला एक जण ओरेगन स्टेटचा माजी विद्यार्थी. तो त्या दिवशी मीटिंगमध्ये फोन पालथा ठेवून बसला होता आणि दर दोन मिनिटांनी उलटून बघत होता. हा १९१५ साली इथे पोर्टलंडमध्येच सुरू झालेला संसार. मूळ चार सभासद कोण? कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन स्टेट. चारातले दोन त्या एका दिवसात गेले, तिसरा महिनाभरात.

ग्रँट ऑफ राइट्स म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. मुदतीआधी कुणी सोडून गेला, तरी हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. म्हणजे नव्या घरी जाताना विकायला हातात काही नाही, मग नवा चॅनल तुमच्यासाठी पैसे कशाला मोजेल? सोडण्याची फी वेगळी, पण खरी बेडी ही. पॅक-१२ ची बेडी २०२४ च्या उन्हाळ्यात आपोआप सुटणार होती. म्हणून यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं ३० जून २०२२ ला "दोन वर्षांनी जातो" म्हणाली आणि सोडण्याची फी न भरता निघाली.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना हे चटकन कळेल. आपल्या कारखान्याने पहिली उचल जाहीरच केली नाही आणि शेजारच्या कारखान्याची टोळी बांधावर येऊन उभी राहिली, तर सभासद आजोबांच्या नावाचा शेअर बघत बसत नाही. बिग ट्वेल्व्हने ऑक्टोबर २०२२ मध्येच ईएसपीएन आणि फॉक्स या चॅनलांशी करार करून प्रत्येकी वर्षाला सुमारे ३ कोटी १७ लाख डॉलरचा भाव जाहीर केला. वर अशी अट घालून घेतली की मोठ्या कॉन्फरन्समधून नवा सभासद आला तर त्यालाही तोच पूर्ण वाटा चॅनल देतील, जुन्यांच्या ताटातून काही जाणार नाही. आमचे पॅक-१२ चे आयुक्त जॉर्ज क्लियावकॉफ मात्र वर्षभर "करार येतोय" म्हणत राहिले. आणलं काय? ॲपल. प्रत्येकी सुमारे २ कोटी ३० लाख ते अडीच कोटी डॉलर, आणि वरचे पैसे वर्गणीदार वाढले तर. सामने जवळपास सगळे पैसे भरून बघायच्या ॲपवर. कुठल्या प्रशिक्षकाला शाळकरी पोरांच्या आईबापांना सांगायला आवडेल की तुमचा मुलगा टीव्हीवर दिसेल, पण आधी वर्गणी भरा?

हो, लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर भाव पडणारच होता. मान्य. पण त्याआधी ईएसपीएनने ३ कोटींच्या आसपास देऊ केले होते आणि अध्यक्षांनी ५ कोटी मागितले, असं तेव्हाच छापून आलं होतं. त्याही आधी लॅरी स्कॉट या आधीच्या आयुक्तांच्या काळात स्वतःचं पॅक-१२ नेटवर्क काढलं, कुठल्याही चॅनलला भागीदार न घेता, आणि ते डायरेक्टीव्ही या डिश टीव्ही सेवेवर शेवटपर्यंत दिसलं नाही. म्हणजे दोष फक्त पळणाऱ्यांचा नाही. हे लिहिताना जिवावर येतंय, तरी लिहितो.

आता ओरेगनने काय मिळवलं ते बघा. बिग टेनमध्ये पूर्ण वाटा नाही. सुरुवातीला सुमारे ३ कोटी, दरवर्षी दहा लाखांची वाढ, म्हणजे जुन्या सभासदांच्या साधारण निम्मा. ॲपलच्या हमीपेक्षा ५०-७० लाख डॉलर जास्त. त्या शुक्रवारी १०८ वर्षांचा हिशेब एवढ्यावर मिटला. स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया) तर एसीसीत, अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये, सात वर्षं ३० टक्के वाट्यावर गेले. त्यांच्याबरोबर डॅलसचं एसएमयू हे विद्यापीठ नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा न घेता. ईएसपीएन मात्र या तिघांचे पूर्ण वाटे एसीसीला देतंय. उरलेली रक्कम जुन्या सभासदांत वाटली जाते. हुशारी म्हणायची तर म्हणा.

आणि ओरेगन स्टेटच्या गावी, कॉर्व्हॅलिसमध्ये? रीझर स्टेडियमच्या पश्चिम बाजूचं १६ कोटी डॉलरहून जास्त खर्चाचं नूतनीकरण सप्टेंबर २०२३ मध्येच उघडलं. कर्ज, देणग्या, नवे बॉक्स, सगळं मोठ्या कॉन्फरन्सच्या उत्पन्नाच्या भरवशावर. माझ्या त्या सहकाऱ्याने महिनाभर आधीच सीझन तिकिटं घेतली होती. त्याने ती परत केली नाहीत, एवढंच सांगतो.

ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट कोर्टात गेले ते बरं केलं. व्हिटमन काउंटीच्या न्यायाधीशांनी निघालेल्या दहा जणांना संचालक मंडळाच्या निर्णयांतून बाहेर ठेवलं, वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश उठवला नाही, मग तडजोडीत साडेसहा कोटी डॉलर मिळाले. दुसरीकडे १ कोटी ४० लाख माउंटन वेस्टला द्यायचा करार केला, २०२४ च्या हंगामात खेळायला सहा-सहा प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून. त्याच करारात कलम होतं की आमचे संघ पळवलेत तर दंड. पाच पळवले. दंडाचा आकडा साडेपाच कोटी, आणि पॅक-१२ ने स्वतः सही केलेल्या कलमाविरुद्धच दावा लावला! ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी वर्षभरात तेच शेजाऱ्याला केलं. आपल्या माणसाने केलं तरी पळवापळवी ती पळवापळवीच.

बाउलकडे, म्हणजे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या खास सामन्यांकडे येतो, कारण गटावर दुसरा मुद्दा "बाउल तर आहेतच ना" असा होता. बाउलचा करार विद्यापीठाशी नसतो, कॉन्फरन्सशी असतो, काही वर्षांचा, निवडीच्या क्रमासह. आधी प्लेऑफचे (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे) संघ बाजूला काढायचे, मग ज्या बाउलचा पहिला क्रमांक त्याने उचलायचं, मग दुसऱ्याने. संघाला किमान सहा विजय हवेत. जागा उरल्या तर पाच विजयांचे संघ अभ्यासाच्या गुणांकावर घेतात. पैसा कॉन्फरन्सच्या खात्यात जाऊन वाटला जातो. संघाच्या अंगावर प्रवास, बँडपथक आणि न खपलेल्या तिकिटांचा कोटा. जुन्या पॅक-१२ चे हे करार २०२५ च्या हंगामापर्यंत होते, म्हणून घर फुटल्यावरही बाराही जण दोन वर्षं त्याच जागा वापरत राहिले. परिणाम काय? डिसेंबर २०२४ चा ॲलमो बाउल: ब्रिगम यंग ३६, कोलोरॅडो १४. दोघेही बिग ट्वेल्व्हचे, कोलोरॅडो तिथे पॅक-१२ च्या जागेवर! चारच दिवसांनी रोझ बाउल, जिथे १९४७ पासून बिग टेनविरुद्ध पश्चिम किनारा असा करार होता: ओहायो स्टेट ४१, ओरेगन २१. दोघेही बिग टेन.

प्लेऑफपुढे उरलेल्या बाउलचा जीवच गेला, ते बारा संघांचं होण्याआधीपासून. २०२३ मध्ये तेरापैकी तेरा सामने जिंकून फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफच्या तेव्हाच्या चार संघांत घेतलं नाही, निम्मा संघ घरी बसला आणि ऑरेंज बाउल ६३-३ ने हरला. डिसेंबर २०२५ मध्ये नोट्र डेमने प्लेऑफ हुकल्यावर बाउललाच नकार दिला. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही. त्या दोघांना बिग ट्वेल्व्हने प्रत्येकी पाच लाखांचा दंड केला. प्रशिक्षक बदलताहेत, खेळाडू दुसरीकडे चाललेत, संघ कुठून आणायचा? त्यांचंही अगदी चूक नाही.

खरा पैसा प्लेऑफचा. ईएसपीएनचा २०२६ च्या हंगामापासूनचा करार वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर. त्यात बिग टेन आणि एसईसी (दक्षिणेकडची बडी कॉन्फरन्स) यांना प्रत्येकी साधारण २९ टक्के, म्हणजे दर विद्यापीठामागे २ कोटी १० लाखांवर. एसीसी १७, बिग ट्वेल्व्ह १५. हा हिशेब ठरला तेव्हा ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटच्या वाट्याला आले प्रत्येकी सुमारे ३ लाख ६० हजार. पुन्हा वाचा. ४ ऑगस्टच्या सकाळपर्यंत हे ओरेगनच्या बरोबरीचे होते. शिवाय आता खेळाडूंनाही विद्यापीठाने थेट पैसे द्यायचे आहेत, २०२५-२६ साठी २ कोटी ५ लाखांपर्यंत. द्यायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण कुठून?

असो. रागाने बरंच लिहिलं. ज्याने लोगो टाकला त्याचा मुलगा कॉर्व्हॅलिसला शिकतो, त्याला आनंद झाला असेल तर होऊ दे. फक्त "कायमचं" म्हणू नका. नवा टीव्ही करार २०३०-३१ पर्यंतचा. बिग टेनचा २०२९-३० ला संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ ला. एसीसी सोडायची फी, फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सनच्या दाव्यांनंतरच्या तडजोडीप्रमाणे, १६ कोटी ५० लाखांवरून दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी उतरत त्याच सुमारास साडेसात कोटींवर येते. सगळ्यांची कुलपं दीड-दोन वर्षांच्या अंतरात उघडणार आहेत आणि चॅनलवाल्यांना हे तोंडपाठ आहे.

बाकी गटावर विचारलं होतं म्हणून: सामने सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्कवर आहेत. पहिले दोन साध्या अँटेनावर फुकट दिसतात. यूएसए नेटवर्क आणि सीबीएस स्पोर्ट्स नेटवर्कसाठी केबल किंवा स्ट्रीमिंग पॅकेज लागेल, आणि बरेच सामने तिथेच असतील, तेव्हा पॅकेज घेताना दोन्ही चॅनल आहेत ना ते आधी तपासा.